७५ टक्के हजेरी: सातवीच्या मुलीचा हिशेब वेगळा, दहावीच्या मुलाचा वेगळा

ताई, तुमच्या प्रश्नात दोन मुलं आहेत आणि शाळेने दोघांना एकच वाक्य ऐकवलंय: "७५ टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही." मुलासाठी ते वाक्य बरंचसं खरं आहे, मुलीसाठी नाही. तरीही मला जास्त काळजी मुलीची वाटते.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची माहिती थोडक्यात मांडते. शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलगी सातवीत. पहिल्या सत्रात १०८ कामाच्या दिवसांपैकी ७७ दिवस हजर, ३१ खाडे. त्यातले १४ दिवस ऑगस्टमधल्या टायफॉइडचे, ६ यात्रा आणि लग्नाचे, उरलेले ११ सुटे, "पोट दुखतंय" म्हणून. मुलगा दहावीत, राज्य मंडळ. सकाळच्या क्लासमुळे शाळा बुडते; डिसेंबरच्या मध्यापर्यंत १३० पैकी ८८ दिवस हजर. मुलीचं नाव पटावरून कमी करू, असंही वर्गशिक्षक म्हणालेत. नियम नेमका काय, आणि शाळेने नाव कमी केलं तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

आधी मुलीचा नियम. सहा ते चौदा वयोगटाला २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू आहे. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं, अशी मुभा सरकारांना मिळाली. पण शाळेतून काढायचं नाही, हे त्या दुरुस्तीनंतरही कायम आहे. सातवी त्या दोन वर्गांत येतच नाही. त्यामुळे हजेरी कमी म्हणून तुमच्या मुलीला परीक्षेपासून रोखणं, त्याच वर्गात ठेवणं किंवा हाती दाखला देणं, यातलं काहीही कायद्यात बसत नाही. एक अपवाद तपासून घ्या. शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिथे लागू होत नाही. मुख्याध्यापकांना सरळ विचारलंत तरी कळेल.

हाच कायदा हजेरीबद्दल शाळेवरही जबाबदारी टाकतो. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० तास अध्यापन झालं पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. शिक्षकांच्या कर्तव्यांत पालकसभा घेऊन मुलाची नियमितता आणि प्रगती पालकांना सांगणं आहे. मुलांची उपस्थिती राहते की नाही यावर लक्ष ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे जिल्हा परिषदेचं किंवा नगरपालिकेचं काम आहे. महिनाभराहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरलं जातं. ते धरायचं कशासाठी, तर शोधून परत वर्गात आणण्यासाठी. नाव खोडून मोकळं होण्यासाठी नव्हे.

मग वर्गशिक्षक तसं का म्हणाले? बहुतेक वेळा हा धाक असतो, आणि त्याच्यामागची काळजी खरी असते. शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे पटसंख्येवर ठरतं, त्यामुळे नाव कमी करणं शाळेलाही परवडत नाही. म्हणून पहिली भेट भांडणाच्या पवित्र्यात घेऊ नका. "सातवीला असा नियम आहे का? असेल तर लेखी द्याल का?" एवढं शांतपणे विचारा, विषय बहुधा तिथेच मिटतो. खरंच लेखी नोटीस आली किंवा न मागता दाखला काढला, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नंतरची पायरी शाळा व्यवस्थापन समिती, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, आणि शेवटी जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नियम तुमच्या बाजूने आहे म्हणून हजेरीचा प्रश्न सुटत नाही. ७५ टक्के हा आकडा ऐकायला भरभक्कम वाटतो, पण त्याचा दिवसांत हिशेब करा. २२० पैकी ५५ दिवस घरी, म्हणजे सहा दिवसांचा आठवडा धरला तर नऊ आठवडे. एखादं मूल पहिलीपासून सातवीपर्यंत दरवर्षी जेमतेम ७५ टक्के भरत आलं, तर पाचवीपर्यंत वर्षाला ५० आणि पुढची दोन वर्षं ५५-५५, असे एकूण ३६० दिवस बुडतात. दीड वर्षाहून जास्त शाळा गेली, आणि प्रगतिपुस्तकावर एकही लाल शेरा नाही. म्हणून मी पालकांना ९० टक्क्यांची रेषा सांगते. त्याखाली गेलेल्या मुलाकडे आजारी मुलाकडे पाहावं तसं लक्ष द्यायला लागावं.

तुमच्या मुलीला यंदा ९० गाठणं शक्य नाही. दुसरं सत्र ११२ दिवसांचं धरलं आणि ती रोज गेली, तरी १८९ दिवस होतात, म्हणजे ८६ च्या आसपास. दुसऱ्या सत्रात आतापर्यंत झालेले धरून पाचपेक्षा जास्त खाडे होऊ द्यायचे नाहीत, एवढं ठरवा. मग १८४ दिवस, ८३ टक्क्यांच्या वर. हे जमण्यासारखं आहे.

परीक्षेला बसू देतील का यापेक्षा गुण कुठून येतात ते पाहा. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलितला ६० भारांश असतो. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. तिला मूल एका दिवसात बसून येतं. आकारिकचे ४० मात्र वर्गात रोज जमत जातात: तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय, शिक्षकांची दैनंदिन निरीक्षणं. मूल वर्गात नसेल तर शिक्षकाने नोंद कशाची करायची? बरेच शिक्षक अशा वेळी दया म्हणून अंदाजे गुण भरतात. त्याने प्रगतिपुस्तक सुधारतं, पण मुलाला काय येत नाही ते झाकलं जातं आणि आठवीत उघडं पडतं. तुम्ही स्वतः सांगा, "अंदाजे भरू नका, राहिलेली चाचणी किंवा तोंडी काम आता घ्या."

गणिताबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खाड्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. सातवीच्या पुस्तकात पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार सुरुवातीलाच येतो, मग मसावि-लसावि, कोन, परिमेय संख्या, घातांक आणि पुढे बैजिक राशी. दुसऱ्या सत्रात वर्गविस्ताराची सूत्रं येतात. ही एक साखळी आहे. ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन का, हे ज्या आठवड्यात वर्गात झालं त्या आठवड्यात मूल घरी असेल, तर बैजिक राशींचा कंस सोडवताना त्याचं चिन्ह चुकतं. चिन्ह चुकलं की वर्गविस्ताराचं प्रत्येक उत्तर चुकतं. शिक्षकाला आणि घरच्यांना दिसतं ते एवढंच, की मुलीला बीजगणित जमत नाही. दोष असतो चार महिन्यांपूर्वीच्या आठवड्यात. इतिहासाचं तसं नाही. एखादा धडा बुडाला तरी पुढचा समजतो. म्हणून बुडालेलं सगळं एकाच तळमळीने भरून काढायला जाऊ नका. गणित आणि इंग्रजी आधी, मग विज्ञानातले प्रयोग. बाकीचं वाचून होईल.

घरच्या घरी दोन गणितं घालून पाहा. ऋण ७ वजा ऋण ३ किती? उत्तर ऋण ४ आहे. ती ऋण १० म्हणाली तर कच्चेपणा सहावीतला आहे आणि तिथूनच सुरुवात करावी लागेल. ऋण ४ गुणिले ऋण ३ याचं उत्तर १२. ती ऋण १२ म्हणाली तर यंदाचा, बुडालेला भाग राहिलाय.

भरून काढताना सर्रास होणारी चूक म्हणजे वह्या पूर्ण करणं. टायफॉइडमधून उठलेली मुलगी मैत्रिणीच्या पाच वह्या आणून चौदा दिवसांचं उतरवत बसते. आठवडा जातो, मनगट दुखतं, डोक्यात काही शिरत नाही, आणि त्या आठवड्यात वर्गात चाललेलंही निसटतं. त्याऐवजी मैत्रिणीच्या वह्यांची झेरॉक्स काढा आणि ती वहीत चिकटवायची परवानगी शिक्षकांकडून मागून घ्या. वाचलेला वेळ उदाहरणं सोडवायला द्या. बुडालेल्या एका दिवसासाठी रोज पाऊण तास याप्रमाणे दोन दिवस, असा माझा ढोबळ अंदाज. म्हणजे चौदा दिवसांना चार-साडेचार आठवडे. तितका धीर धरा. एका रविवारी बसवून होणारं हे काम नाही. आजारातून उठल्यावर पहिला आठवडा तर निम्माच अभ्यास द्या. अशक्तपणा असतो आणि डॉक्टरांनी जा म्हटल्याशिवाय शाळेत पाठवूच नये.

तुमच्या ३१ दिवसांपैकी टायफॉइडच्या १४ दिवसांची मला फारशी चिंता नाही. सलग खाडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, शिक्षक विचारतात, मैत्रिणी वह्या देतात. यात्रेचे-लग्नाचे ६ दिवस तुमच्या हातात आहेत. हळदीपासून पूजेपर्यंत सगळं न करता लग्नाचा एक दिवस दिला तरी चार दिवस वाचतात. चिंता त्या अकरा सुट्या दिवसांची आहे. एक-एक दिवस गेला की कुणी विचारत नाही, मूल दुसऱ्या दिवशी येतं, अर्धवट समजलेल्या धड्यात बसतं, आणि न समजल्याने पुन्हा घरी राहावंसं वाटतं. सुट्या खाड्यांचं कारण शोधलं नाही तर ते वाढतच जातात.

शोधायचं कसं? वर्गशिक्षकांकडून त्या अकरा तारखा घ्या, हजेरीपटावर असतात. घरातल्या कॅलेंडरवर त्यांना गोल करा आणि शेजारी तिचं वेळापत्रक धरा. तारखा साधारण महिन्याच्या अंतराने येत असतील तर ती पाळी असू शकते. बारा-तेराव्या वर्षी मुली हे आईलाही चटकन सांगत नाहीत. मग प्रश्न मुलीचा नसून शाळेच्या स्वच्छतागृहाचा असतो. कडी लागते का, पाणी असतं का, पॅड टाकायला डबा आहे का, मधल्या सुट्टीशिवाय जाऊ देतात का, हे तिला एकेक करून विचारा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह ही कायद्याच्या अनुसूचीतली अट आहे. हा विषय शाळेच्या सखी सावित्री समितीकडे, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेल्या समितीकडे न्या. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने या समित्या शाळाशाळांत झाल्या आहेत. तुमच्या मुलीसारख्या आणखी दहा जणींचे खाडे त्याने थांबतील.

तारखा सोमवारी किंवा सुट्टीनंतरच्या दिवशी पडत असतील तर गृहपाठ राहिलेला असतो. एका ठरावीक वारी पडत असतील तर त्या दिवशीचा तास पाहा: चाचणी, पाढे म्हणून घेणं, किंवा मारणारे, टाकून बोलणारे शिक्षक. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना कलम १७ ने बंदी आहे. ते निघालं तर गप्प बसू नका. वर्गात किंवा वाटेत कुणी त्रास देत असेल तर तारखांत कसलाच नेम दिसत नाही, पण मूल घरून निघायची किंवा परतायची वेळ बदलू पाहतं. आणि पोट खरंच दुखत असेल, तर ते रविवारीही दुखेल. तसं असल्यास डॉक्टरांना दाखवा; टायफॉइडनंतर तर नक्कीच.

नोंदीबद्दल थोडं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज येणार नाही" लिहिणं सोयीचं असतं, पण महिन्याने ते कुणाला सापडत नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल तर अर्ज द्या: पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण, आणि आजारपण असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. खाडा संपून मूल शाळेत जातं त्याच दिवशी द्या. दर महिन्याच्या शेवटी कामाचे दिवस आणि हजर दिवस हे दोन आकडे विचारून लिहून ठेवा. चुका होतात: उशिरा आलेलं मूल गैरहजरच राहतं, शाळेतर्फे क्रीडास्पर्धेला गेलेल्या मुलाचा खाडा पडतो. महिन्याच्या आत सांगितलं तर दुरुस्त होतं, मार्चमध्ये सांगितलं तर कुणालाच आठवत नाही.

आता दहावीचा मुलगा. इथे ७५ टक्क्यांची अट खरी आहे. राज्य मंडळाच्या नियमित विद्यार्थ्याला ती पाळावी लागते आणि कमी पडली तर मुख्याध्यापकांच्या शिफारशीने विभागीय मंडळाकडे तूट माफ करण्याचा प्रस्ताव जातो. आजारपणासारखं कागदोपत्री कारण असेल तरच त्याला वजन असतं. "क्लास होता" हे कारण म्हणून मांडताच येत नाही. सीबीएसईतही ७५ टक्केच लागतात. तिथे हजेरी १ जानेवारीपर्यंतची मोजतात आणि गंभीर आजार किंवा राष्ट्रीय स्पर्धा अशा कारणांना पुराव्यानिशी जास्तीत जास्त २५ टक्के सूट मिळू शकते.

त्याचा हिशेब सोपा आहे. गैरहजर दिवसांना चारने गुणा. तेवढे एकूण कामाचे दिवस झाले आणि आणखी खाडा पडला नाही तरच ७५ भरतात. ४२ खाडे, चोक १६८. आजवर १३० झालेत, म्हणजे अजून ३८ दिवस एकही खाडा न करता. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर सदतीसेक दिवस मिळतात. अगदी काठावर आहे. उद्यापासून सुरुवात केली तर ७५ च्या अगदी जवळ जाईल, आणि एक-दोन दिवसांची तूट राहिली तर मुख्याध्यापकांना शिफारस करायला जागा राहील. यापुढचा प्रत्येक खाडा भरून काढायला तीन दिवसांची हजेरी लागते, आणि तेवढे दिवस आता उरलेले नाहीत.

क्लासची वेळ बदलून घ्या. संध्याकाळची बॅच नसेल तर क्लास सोडा. दहावीच्या प्रत्येक विषयात १०० पैकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळेतच मिळतात. विज्ञानाची प्रयोगवही, भाषेची तोंडी परीक्षा यांची तयारी क्लास करून देत नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडून आजारपणाचं खोटं प्रमाणपत्र आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ते करू नका. शाळेच्या पटावर सुटेसुटे ४२ खाडे आणि कागदावर सलग कावीळ, हे जुळत नाही आणि मुख्याध्यापकांची सही करायची इच्छाही जाते. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणं, हाही यंदाचा उपाय नाही. तो शाळा सोडलेल्यांसाठी आहे आणि त्याची नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी बंद होते.

हे वाचणाऱ्यांत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं किंवा त्यांचे शिक्षक असतील, तर वरचा बराचसा सल्ला त्यांना लागू पडणार नाही. दिवाळीनंतर चार-पाच महिने गाव सुटतं, तेव्हा खाडे मोजून उपयोग नसतो. शक्य असेल तर मूल गावातच हंगामी वसतिगृहात ठेवा, म्हणजे शाळा तीच राहते. न्यावंच लागलं तर निघण्याआधी वर्गशिक्षकांकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्या. त्यावर मूल कुठल्या वर्गात आहे आणि त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं, आणि जाल तिथल्या शाळेला त्यावरून त्याला वर्गात बसवून घेता येतं. कार्ड नसेल तरी वर्षाच्या मध्यात प्रवेश नाकारता येत नाही.

ताई, शेवटी तुम्ही विचारलंय की सकाळी ती रडते तेव्हा ओढून न्यायची का. कारण कळेपर्यंत ओढून नेऊ नका आणि सरसकट घरीही ठेवू नका. पहिले दोन तास बुडले तरी तिसऱ्या तासाला सोडून या, आणि वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा की आल्यावर सगळ्यांसमोर काही विचारू नका. घरी राहिलीच तर त्या दिवशी टीव्ही-मोबाइल नको. साडेचारला मैत्रीण घरी येते तेव्हा आज काय झालं ते दोघींनी बसून पाहायचं. पुढच्या भेटीत शिक्षकांकडून तीन गोष्टी लिहून आणा: अकरा तारखा, पहिल्या सत्रात बुडालेले गणिताचे उदाहरणसंच, आणि राहिलेली आकारिकची कामं. तारखा इथे लिहिल्यात तर त्यांच्यावरून कारण काय असेल, हे पाहून सांगते.